पेटीची उजवी बाजू

शुक्रवारी आमच्या गल्लीत भांडणं तोंडानं व्हायची, बाकीचे दिवस हातानं. त्या काळी इचलकरंजीतल्या आमच्या भागाचा लाईट बंद असायचा वार शुक्रवार होता. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग थांबायचे आणि आठवडाभर साठलेलं बोलून घ्यायला माणसं मोकळी व्हायची.

"बाहेर या आधी," मी म्हटलं. "गुंडूभावजी किती वेळ दारात उभं हाईत."

आमचे हे तिसऱ्या मागाखाली आडवे झाले होते. बाहेर नुसते पाय दिसत होते आणि आतून पान्ह्याची खटखट येत होती. उत्तर नाही. मी पुन्हा हाक मारली, तरी नाही. शेवटी पायानं त्यांच्या तळव्याला ढोसलं, तेव्हा कुठं ग्रीसनं माखलेलं तोंड बाहेर आलं.

"काय गं?"

"देवीचं बोलावणं आलंय तुम्हाला."

गुंडू हा आमच्या चौंडेश्वरी भजनी मंडळाचा म्होरक्या. पेठेतले नादुरुस्त माग ठीक करणं हा त्याचा धंदा आणि टाळ घेऊन पुढं उभं राहणं ही त्याची हौस. ह्यांचा तो लंगोटीयार. तो उंबऱ्यावर बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "रामलिंग, खंडेनवमीच्या भजनाला पेटीवर माणूस न्हाई. नेमगोंडा पोराकडं पुण्याला गेला, तो काय आता येत न्हाई. तू बस."

"मी?" हे हसले. "बोटं बघ माझी. ह्या बोटांनी आता पेटी वाजती व्हय?"

"वाजती. पोहणारा माणूस पोहायचं विसरतोय काय?"

"वेळ कुठाय गुंड्या? रातपाळीचा माणूस तीन दिवस झाले आला न्हाई. सुताचा नवा बीम मागावर चढवायचाय. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते की नुसते ओठ हलले तरी मला कळायचे. आमच्या भारतीला बाहुबलीच्या डोंगरावर न्यायचं, पुढच्या वर्षी. वरच्या खोलीला रंग द्यायचा, पुढच्या वर्षी. मला माहेरी चार दिवस न्यायचं, तेही पुढच्या वर्षी. माझ्या डोक्यात सणक गेली.

"गुंडूभावजी," मी म्हटलं, "नवमीला हे पेटीवर बसणार. माझा शब्द."

"आणि माग कोण बघणार? तुझा शब्द?" हे म्हणाले.

"मी बघणार."

गुंडूनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, आणि चहाची वाट न बघताच उठला. शहाणा माणूस.

आता जरा मागचं सांगते. हे मला बघायला आले तेव्हा माझे वडील ह्यांना शिक्षण, पगार असलं काही विचारत बसले नाहीत. वडिलांना भजनाचं वेड. त्यांनी घरातली पेटी पुढं सरकवली आणि म्हणाले, काहीतरी होऊ द्या. मी आतल्या दाराआड उभी होते. मला तिथून ह्यांची फक्त बोटं दिसत होती. लांबसडक, पट्ट्यांवरून अशी सरकत होती की खालच्या पट्ट्यांना कळूही नये. ती बोटं बघून मी मनात हो म्हटलं. चेहरा नंतर बघितला, तोही बरा निघाला.

लग्नात वडिलांनी तीच पेटी आंदण दिली. पहिली दोन-तीन वर्षं घरात रोज संध्याकाळी पेटी वाजायची. मग ह्यांचे भाऊ वेगळे झाले, आमच्या वाटणीला चार जुने माग आले, आणि पेटी एका डागाळलेल्या कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मधला घाम आमचा. माग थांबला की चूल थांबते. खाली माग, वर आम्ही. घरात पाणी भरलेलं पातेलं ठेवलं की त्यातलं पाणी दिवसभर थरथरत असायचं.

मागाच्या घरात तोंडानं बोलून उपयोग नसतो. म्हणून आमच्याकडं हातांची भाषा असते. धागा तुटला म्हणजे दोन बोटं जुळवून फटकन वेगळी करायची. चहा म्हणजे अंगठा ओठाला. बीम संपत आला म्हणजे पोटावरून हात फिरवायचा. व्यापाऱ्याचा माणूस आला म्हणजे मिशीला पीळ, मग त्या माणसाला मिशी असो नसो. भारती, आमची मुलगी, म्हणजे दोन वेण्या. मी रागावले आहे याचीही एक खूण होती. ती माझ्यासमोर कुणी करायचं नाही, पण होती हे मला पक्कं ठाऊक आहे. आमचा अर्धा संसार हातांनी झाला, आणि उरलेला ओठ बघून. हे तर शुक्रवारीसुद्धा माझ्या ओठांकडं टक लावून बघायचे. मी म्हणायची, "नव्या नवऱ्यागत काय बघताय?" तर नुसते हसायचे.

पण अलीकडं तेही हसणं कमी झालं होतं. मागच्या काही महिन्यांत ते जेवताना झोपायला लागले होते, घास हातात तसाच. भारती शाळेतलं काही सांगायला आली की मान हलवायचे आणि तिला कळायचं की ऐकलेलं नाही. ती दहा वर्षांची होती. बापानं कधी पेटी वाजवली होती हे तिनं माझ्याकडून ऐकलेलं, बघितलेलं नव्हतं. तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर विझत चालला होता आणि मला धडकी भरली होती. म्हणून मी नवमीचा हट्ट धरला. भजनाचं मला तेवढं नव्हतं. मला माझा माणूस परत पाहिजे होता.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पदर खोचला आणि मागांच्या मधल्या बोळात जाऊन उभी राहिले. धोट्यातल्या कांड्यांवर सूत तर मीच भरत होते इतकी वर्षं. तुटलेला धागा जोडता येत होता, धोटा बदलता येत होता. मी ह्यांना हातानं खूण केली, वर जा.

त्यांनी खूण केली, लोक काय म्हणतील?

मी खूण केली, ह्या आवाजात त्यांचं ऐकतंय कोण?

ते वर गेले. एक तास झाला, खाली आले. गालावर वळ उठलेले. मी पेटी वाजवल्याची खूण करून विचारलं. त्यांनी दोन्ही तळवे गालाला लावले आणि ओशाळून हसले. झोपले होते. पेटीवर डोकं ठेवून तासभर झोपले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. आधी झोपू दे, म्हटलं, वाजवायची मागून.

मग हळूहळू त्यांनी पेटी उघडली. भात्याला दोन भोकं पडली होती ती सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं बुजवली. पट्ट्यांमधली झुरळं काढली. रोज दुपारी तासभर ते वर आणि मी खाली. मी खाली असल्यामुळं मला काही ऐकू यायचं नाही आणि चार मागांच्या धडधडाटात त्यांनाही काय ऐकू येणार? मी एकदा रात्री जेवताना विचारलं, "वाजतंय का नीट?"

"माग चालू असताना काय कळणार? पण बोटांना सगळं ठाऊक हाय गं. मला वाटलं नव्हतं. बोटं आपली आपण जात्यात."

हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. त्या पंधरा-वीस दिवसांत माणूस पालटला. ताटावर ठेका धरायला लागले. संध्याकाळी पायरीवर बसून भारतीबरोबर चिंचोके खेळायला लागले आणि उघड उघड लबाडी करून जिंकायला लागले. एकदा मी मागावर वाकून धागा जोडत होते, तर मागून येऊन माझ्या वेणीला सुताचा गोंडा बांधून गेले. तो गोंडा घेऊन मी संध्याकाळी बाजारात जाऊन आले आणि भाजीवाली हसली तेव्हा मला कळलं. असली थट्टा त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केली असेल. मी रागावल्याचं सोंग केलं आणि आत जाऊन रडले, आनंदानं.

खंडेनवमीला आम्ही मागांची पूजा करतो. मागांना धुऊन पुसून, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घालतो. बाकीची घरं दसऱ्याच्या सकाळपर्यंत माग बंद ठेवायची. आमच्याकडं मात्र आरती झाली की तासाभरात बटण दाबलं जायचं. त्या वर्षी मी बटणालाच माळ घातली आणि वर कुंकू लावलं.

"आता लावा हात," मी म्हटलं.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "देवीला कोण हात लावणार?"

संध्याकाळी देऊळ भरलं होतं. सगळी पेठ मागवाल्यांची, त्यामुळं पुरुषांची रांग म्हणजे सगळे ओळखीचे चेहरे. हे पांढरा सदरा घालून पेटीसमोर बसले. बोटांवरचं काळं घासून घासून काढलं होतं, तरी नखांच्या कडेला राहिलंच होतं. गुंडूनं टाळ उचलले. ह्यांनी डोळे मिटले आणि भाता घेतला.

मी काय सांगू. माझ्या वडिलांच्या घरी दाराआड उभी राहून ऐकलं होतं तेच सगळं परत आलं. बोटं तशीच सरकत होती. खर्जातला भारदस्त सूर सगळ्या देवळात भरून येत होता. पुरुषांची रांग डोलत होती. म्हातारा बसाप्पा, ज्याला कुणी कधी हसताना बघितलं नव्हतं, तो मांडीवर थाप देत होता.

पोरांना मात्र तेवढ्यातच चाळे सुचले होते. भिंतीला टेकून बसलेली सगळी पोरं कानांत बोटं घालून एकमेकांकडं बघून फिदीफिदी हसत होती. त्यात आमची भारतीसुद्धा. ती हसत नव्हती, पण तिनं तोंड आंबट केलं होतं आणि कानांवर हात दाबले होते. मी डोळे वटारले. तिनं हात काढले आणि परत ठेवले. पुजाऱ्यांची नवी सून, सावंतवाडीकडची, आरतीचं ताट खाली ठेवून पदर कानाशी धरून बाहेर निघून गेली. मला तिचा राग आला. माहेरी कधी भजन ऐकलं नाही वाटतं, असं मी शेजारणीला म्हणाले. शेजारीण म्हणाली, "नखरे."

भजन संपलं तेव्हा गुंडूच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "असं भजन आपल्या देवळात झालं न्हाई. आता दर महिन्याला. मी ह्याला सोडत न्हाई."

घरी येताना हे पेटी डोक्यावर घेऊन चालले होते. मजुराला द्या म्हटलं तर ऐकेनात. भारती चार पावलं मागं राहून चालली होती. मला वाटलं, मी डोळे वटारले म्हणून फुगलीय.

घरात आल्यावर ते म्हणाले, "वर नको. खालीच बसूया, मागांच्यात. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला ऐकवलं, आता आम्ही त्यांना ऐकवू."

चारही माग माळा घालून उभे होते. समईचा उजेड होता. आम्ही मधल्या बोळात पोतं अंथरून बसलो. मला आठवतं, मला त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं. आपण एवढंसं मागितलं आणि ते मिळालं, असं वाटत होतं. ह्यांनी भाता घेतला आणि वाजवायला लागले, मघाचंच, हळू हळू.

भारतीनं पूजेच्या ताटातला कापूस घेतला आणि दोन बोळे करून कानांत घातले.

"काय चाललंय तुझं?" मी म्हटलं. "अप्पा तुझ्यासाठी वाजवायलेत."

तिनं माझा पदर ओढला. ही तिची सवय. बोलायच्या आधी ती नेहमी पदर ओढायची, आणि मी तिच्याकडं वळले की मगच बोलायची.

"आई, ती शिट्टी बंद करायला सांग की."

"कसली शिट्टी?"

"ती काय, एकसारखी वाजतीय ती. देवळात पण वाजत होती. माझं डोकं दुखतंय."

हे थांबले. तिच्या ओठांकडं बघत म्हणाले, "कसली शिट्टी गं? चेष्टा करतीस अप्पाची?"

भारती उठली आणि पेटीच्या उजव्या टोकाकडं गेली. तिनं बोट दाखवलं. अगदी शेवटाकडची एक पांढरी पट्टी खाली बसलेली होती. तिच्यावर कुणाचं बोट नव्हतं. आपली आपण बसली होती, अडकून.

"ही," भारती म्हणाली.

जुन्या पेटीचं असं होतं. पट्टी अडकली की तो सूर भाता चालू असेपर्यंत ओरडत राहतो. हे ह्यांना माहीत होतं आणि माझ्या वडिलांमुळं मलाही माहीत होतं. ह्यांनी उजवा हात पट्ट्यांवरून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. डाव्या हातानं नुसता भाता हलवला.

कारखान्यात काही आवाज नव्हता. भात्याचा फुसफुसाट होता तेवढाच.

भारतीनं कापसावरून कान दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले.

मी पेटीवर कान ठेवला. माझा कान त्या लाकडाला लागला होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही कान लावला. मग त्यांनी नखानं ती पट्टी वर उचलली आणि भारतीला विचारलं, "आता?"

"थांबली."

त्यांनी पट्टी दाबली. तिनं तोंड वाकडं केलं. उचलली. तिचं तोंड मोकळं झालं. परत दाबली. आम्ही दोघं आमच्या लेकीच्या तोंडाकडं बघून पेटी ऐकत होतो.

"शालन," ते म्हणाले, "तुला?"

मी मान हलवली. नाही.

मग त्यांनी तिथून एक एक पट्टी डावीकडं यायला सुरुवात केली. पट्टी दाबायची आणि भारतीकडं बघायचं. ती मान हलवायची, येतंय. ते स्वतः वाट बघायचे, काही नाही. पुढची पट्टी. भारती, येतंय. काही नाही. किती तरी पट्ट्या. मग एका काळ्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी स्वतःच मान हलवली. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी निळा खडू काढला, कापडावर डागाची खूण करायचा. सणाचा सदरा होता तरी खडू खिशात होताच. त्या पट्टीच्या बाजूला लाकडावर एक रेघ मारली. मग मला बसवलं. माझी रेघ त्यांच्यापासून जरा उजवीकडं आली, फार नाही.

मला देवळातली रांग आठवली. बसाप्पा थापा देत होता. गुंडूचे डोळे भरून आले होते. अख्खं देऊळ भरून एक सूर ओरडत होता आणि पोरं सोडून, आणि ती बाहेरगावची नवी सून सोडून, एकाही माणसाच्या कपाळावर आठी नव्हती. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना बघून माना डोलावल्या होत्या. मला वाटायचं मागाच्या घरात माणूस ओरडून बोलतो, पाय ढोसून हाक मारतो, पदर ओढतो, ही सगळी आवाजाची सवय आहे. शुक्रवारी आवाज नसतानाही आम्ही तसेच वागत होतो, हे कधी मनात आलं नाही. कोणाच्या येणार? सगळी गल्लीच तशी.

ह्यांनी भारतीचा हात धरला आणि तिचं बोट उजवीकडच्या पट्ट्यांवर ठेवलं, रेघेच्या पलीकडं.

"वाजव."

तिनं वाजवलं. ते भाता देत होते आणि तिच्याकडं बघत होते.

"गोड हाय?"

"हाय," ती म्हणाली. "बारीक हाय. चिमणीगत."

"असायचाच," ते म्हणाले. "असाच होता." आणि त्यांनी भाता सोडला. पेटी मिटली, पण कापडात गुंडाळली नाही. समई विझेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली आले तेव्हा बटणावरची माळ काढून त्यांनी खिळ्याला अडकवली होती आणि चारही माग चालू होते. मला वाटलं, झालं, परत पहिले पाढे. मी चहाची खूण केली. त्यांनी नको म्हटलं. मग त्यांनी दोन वेण्यांची खूण केली. भारती. आणि हात लांब करून, दूर. तिला पाठव.

मी खूण केली, कुठं?

त्यांनी उजव्या हाताचं बोट कानावर ठेवलं, आणि मग तो हात कानापासून हळूच पुढं आणून तळवा उघडला. ही खूण आमच्या भाषेत नव्हती. मागाच्या घरात कोणाला लागली नसावी. पण मला लगेच कळली. जिथं ऐकू येतं तिथं.

आम्ही भांडलो. मागांच्या मधल्या बोळात, झेंडूच्या पाकळ्या तुडवत. मी म्हटलं, एकुलती एक आहे. मी म्हटलं, दहा वर्षांची आहे. मी म्हटलं, आपणच माग विकू. त्यांनी चौकटीबाहेर हात केला, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवला. विकले तरी दुसऱ्याच्या मागावर. मला दुसरं काय येतं? मी वळले आणि मागावरचा तुटलेला धागा जोडायला वाकले.

माझा भाऊ गारगोटीत असतो. तिथं माग नाहीत. त्यानं हो म्हटलं.

भारती जायच्या आधीच्या शुक्रवारी गुंडू पुढच्या महिन्याचं भजन ठरवायला आला. ह्यांनी त्याला काही न सांगता पेटीसमोर बसवलं, भारतीला शेजारी बसवलं आणि भाता घेतला. गुंडू आधी हसत होता. "हे काय पोरखेळ चाललाय?" मग हसायचा थांबला. त्याची रेघ ह्यांच्याही डावीकडं आली. तो उठून गेला आणि थोड्या वेळानं बसाप्पाला घेऊन आला, मग आणखी दोघं तिघं आले. एक एक जण पोरीपुढं बसायचा, तिच्या तोंडाकडं बघायचा, आणि कुठंतरी थांबून मान हलवायचा. शेवटी पेटीच्या लाकडावर रेघाच रेघा झाल्या. शुक्रवार असून गल्लीत त्या दिवशी कोणाचं भांडण झालं नाही. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं आणि कानाच्या नसा गेल्या त्या गेल्या म्हणाले. ते आम्हाला खडूनं आधीच सांगितलं होतं.

पेटी भारतीबरोबर द्यायची हे ह्यांनीच ठरवलं. मी रेघा पुसायला ओलं फडकं घेतलं तर म्हणाले, राहू देत.

स्टँडवर गारगोटीची गाडी लागली होती. भाऊ आत जागा धरून बसला होता. भारती खिडकीशी, पेटी मांडीवर, पेटीपलीकडून तिचं अर्धंच तोंड दिसत होतं. ती रडत नव्हती, मीच रडत होते. गाडी हलली तसे हे तिच्याबरोबर चालायला लागले आणि ओरडून सांगायला लागले, मागाच्या माणसाच्या आवाजात, की रोज वाजव, कंटाळा आला तर खेळ, झोप आली तर झोप, पण दुसऱ्या दिवशी परत वाजव. सगळा स्टँड वळून बघत होता. ह्यांना त्याचं काही नव्हतं. गाडीनं वेग घेतला तरी ते धावत होते आणि तेच तेच ओरडत होते.

भारतीनं खिडकीतून हात बाहेर काढला. बोट कानावर ठेवलं, हात पुढं आणला आणि तळवा उघडला. गाडी वळेपर्यंत तिनं तो तसाच धरला होता.